त्रुटिसंदेश : गरज पडेल तेव्हाच

प्रतिनिधी, सातारा-सांगली

संगणकावर चाललेली आज्ञावली मध्येच अडते आणि पडद्यावर एक इंग्रजी वाक्य उमटते. ते वाचण्याऐवजी 'ओके'चे बटण दाबून मोकळे होण्याकडेच बहुतेकांचा कल असतो. हे वाक्य आले कोठून, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. आज्ञावलीतच ते लिहून ठेवलेले असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती अर्धीच खरी आहे. गेल्या तीन-चार दशकांत तयार झालेल्या बहुतेक मोठ्या प्रणालींमध्ये आज्ञावलीजवळ असतो तो चुकीचा क्रमांक किंवा एखादे खूणनाम. प्रत्यक्ष वाक्य निराळ्या फायलीत ठेवलेले असते आणि चूक घडली तरच ती फाइल उघडली जाते.

ही योजना निघाली स्मृतीच्या काटकसरीतून. पुढे तिच्यामुळेच संगणकाला निरनिराळ्या भाषांत बोलता येऊ लागले. सातारा-सांगलीच्या सेवा केंद्रात, पतसंस्थेत किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत 'एरर' मराठीत दिसायचा असेल तर त्याचा मार्ग याच योजनेतून जातो. तो कसा जातो आणि कोठे अडतो, याची ही माहिती.

क्रमांक येथे, वाक्य तेथे

जावा, डॉट नेट, पायथॉन यांसारख्या भाषांत लिहिलेली आज्ञावली थेट यंत्राच्या हाती दिली जात नाही. तिला चालवणारी, स्मृतीची वाटणी पाहणारी आणि काही बिघडले तर तिला थांबवणारी एक मध्यस्थ यंत्रणा असते. तिला 'रनटाइम' म्हणतात. काय बिघडले हे सांगण्याची जबाबदारीही रनटाइमचीच. बिघडण्याचे प्रकार हजारोंनी असतात : शून्याने भागाकार, नसलेली फाइल, चुकीची तारीख, संपलेली स्मृती, तुटलेले जाळे. प्रत्येकासाठी एक वाक्य धरले तरी मजकूर बराच होतो. दिवसभर सुरळीत चाललेल्या आज्ञावलीला मात्र यांतले एकही वाक्य लागत नाही. मग हा सगळा मजकूर सुरुवातीलाच स्मृतीत आणून का ठेवायचा?

सातारा जिल्ह्यातील ज्या वाईतून मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले, तेथील उदाहरण घेता येईल. विश्वकोशाचे सगळे खंड टेबलावर उघडे पसरून कोणी वाचायला बसत नाही. खंड कपाटात राहतात, वाचकाजवळ शब्द असतो, त्यावरून खंड ठरतो आणि तेवढाच खाली काढला जातो. रनटाइमही हेच करतो. चूक घडली की प्रथम खूणनाम ठरते. त्याबरोबर तपशील येतात, म्हणजे कोणती फाइल, कोणती ओळ, कोणते गाव. मग वापरणाऱ्याची भाषा पाहून त्या भाषेची फाइल शोधली जाते, खूणनामासमोरचे वाक्य काढले जाते, वाक्यातल्या रिकाम्या जागी तपशील भरले जातात आणि पुरे झालेले वाक्य पडद्यावर येते. एकदा उघडलेली फाइल बहुधा स्मृतीतच ठेवली जाते, म्हणजे पुढच्या चुकीला ती पुन्हा शोधावी लागत नाही.

जावा भाषेत ही सोय १९९७ च्या १.१ आवृत्तीपासून 'रिसोर्स बंडल' या नावाने आहे. भारतातील मराठी अशी निवड असेल तर ती आधी 'मराठी-भारत' फाइल शोधते, ती नसेल तर नुसती 'मराठी', त्यानंतर त्या संगणकाची मूळ भाषा आणि शेवटी कोणत्याच भाषेची खूण नसलेली पायाभूत फाइल. डॉट नेटमध्ये प्रत्येक भाषेचा मजकूर 'सॅटेलाइट असेंब्ली' नावाच्या वेगळ्या फायलीत असतो. मुख्य आज्ञावली ग्रह आणि हे तिचे उपग्रह, अशी कल्पना. लिनक्सच्या जगात १९९५ पासून रुळलेल्या 'गेटटेक्स्ट' या साधनाने वेगळी वाट धरली. तेथे इंग्रजी वाक्य हेच खूणनाम. भाषांतर सापडले तर ते दाखवायचे, नाही तर हातातले इंग्रजी वाक्य तसेच पुढे करायचे. पडदा कोरा राहण्याची वेळ त्यामुळे येत नाही. इंग्रजी वाक्यात कोणी एखादा स्वल्पविराम बदलला तर मात्र सगळ्या भाषांतली भाषांतरे त्या वाक्यापासून तुटतात.

याहून पुढची पायरी म्हणजे वाक्य केवळ आणणेच नव्हे, तर तयार करणेही लांबणीवर टाकणे. मोठ्या सर्व्हरवर दिवसभरात असंख्य चुका उद्भवतात, आज्ञावली त्या परस्पर निस्तरते आणि कोणाही माणसाच्या नजरेस त्या पडत नाहीत. त्यांची वाक्ये जुळवण्यात वेळ घालवण्यात अर्थ नसतो. २०२० मध्ये आलेल्या जावा १४ मध्ये, रिकाम्या संदर्भामुळे उद्भवणाऱ्या प्रसिद्ध चुकीसाठी 'नेमके काय रिकामे होते' हे सांगणारे वाक्य देण्यात आले. ते रचले जाते ते कोणी मागितले तरच. २०२१ च्या पायथॉन ३.१० मध्ये नाव चुकीचे लिहिल्यास 'तुम्हाला अमुक म्हणायचे होते का?' असे सुचवले जाते. जवळचे नाव शोधण्याचे कामदेखील चूक पडद्यावर दाखवण्याची वेळ आल्यावरच सुरू होते.

दीड किलोबाइटचा प्रश्न

या काटकसरीचा एक गमतीदार नमुना जुन्या संगणककारांच्या आठवणीत असेल. बोरलँड कंपनीने १९८३ मध्ये आणलेल्या टर्बो पास्कलच्या पहिल्या काही आवृत्त्या सुरू होताच विचारीत, 'त्रुटिसंदेश घ्यायचे का? हो की नाही?' 'हो' म्हटले तर संदेशांची वेगळी फाइल स्मृतीत येई. 'नाही' म्हटले तर सुमारे दीड किलोबाइट स्मृती वाचे आणि चूक झाल्यावर केवळ क्रमांक दिसे. मग पुस्तिकेतल्या यादीत तो क्रमांक शोधायचा. आज दीड किलोबाइट म्हणजे काहीच नाही, परंतु ६४ किलोबाइटच्या यंत्रावर ती रक्कम छोटी नव्हती. ती संदेश-फाइल साधी मजकुराची होती आणि तिचे आपल्या भाषेत भाषांतर कसे करावे, याच्या सूचना पुस्तिकेत दिलेल्या होत्या. काटकसरीसाठी वेगळा काढलेला मजकूर भाषांतरासाठी मोकळा होतो, हे इतक्या लवकर लक्षात आले होते.

त्याच कंपनीच्या टर्बो सी-ने राज्यभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत, बाजारातून हद्दपार झाल्यानंतरही, कित्येक वर्षे ठाण मांडले. सांगलीच्या १९४७ मध्ये स्थापन झालेल्या वालचंद महाविद्यालयापासून १९६० च्या कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयापर्यंत कोठेही त्या पिढीतला माजी विद्यार्थी गाठा आणि 'फ्लोटिंग पॉइंट फॉर्मॅट्स नॉट लिंक्ड' एवढे शब्द उच्चारा, तो हसण्याचीच शक्यता अधिक. दशांश अपूर्णांक वाचण्याची सामग्री जागा खाते म्हणून ती गरज दिसली तरच जोडायची, असे त्या कंपायलरचे धोरण होते. गरज ओळखण्यात तो कधीकधी चुके आणि आज्ञावली चालू असताना हे वाक्य फेकून कोसळे. येथे वेगळी ठेवलेली वस्तू संदेश नव्हती, पण 'लागेल तेव्हा आणू' या धोरणाचा धोका अनेकांना पहिल्यांदा दिसला तो याच वाक्यात.

स्मृती स्वस्त झाली तसा हा प्रश्न मिटायला हवा होता. तो मिटला नाही, कारण आंतरजालामुळे आज्ञावली दूरवरून उतरवून घेणे सुरू झाले. मायक्रोसॉफ्टचे 'सिल्व्हरलाइट' हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. ब्राउजरमध्ये डॉट नेटच्या आज्ञावली चालवण्यासाठी रनटाइमची एक आटोपशीर आवृत्ती त्यात होती आणि २००८ मध्ये आलेल्या सिल्व्हरलाइट २ चा आकार पाच मेगाबाइटच्या आसपास ठेवण्यात आला होता. ५६ केबीपीएसच्या मोडेमवर पाच मेगाबाइट उतरायला, फोनची लाइन एकदाही तुटली नाही असे गृहीत धरले तरी, जवळजवळ बारा मिनिटे लागतात. प्रत्येक किलोबाइट मोजून घेण्याचे कारण यातून कळावे. म्हणून सर्वसामान्यांना मिळणाऱ्या सिल्व्हरलाइटमधून त्रुटिसंदेशांची वाक्ये काढून टाकण्यात आली. ती होती आज्ञावली लिहिणाऱ्यांसाठीच्या वेगळ्या संचात. सामान्य माणसाला चौकटी कंसात खूणनाम दिसे आणि पुढे अशा अर्थाची सूचना : संदेशांचा मजकूर उपलब्ध नाही, बहुधा खूणनाम आणि तपशील यांवरून कारण कळू शकेल, अधिक माहितीसाठी पुढील दुवा पाहा. दुव्यात आवृत्ती, फायलीचे नाव आणि खूणनाम गुंफलेले असे. म्हणजे मजकूर 'गरजेनुसार' आणण्याचे काम रनटाइमने माणसाकडे सोपवले होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिल्व्हरलाइटचा आधार काढून घेतला. पद्धत मात्र राहिली. संकेतस्थळे रचण्यासाठी सर्वत्र वापरले जाणारे 'रिअ‍ॅक्ट' २०१६ पासून प्रत्यक्ष वापरातल्या आवृत्तीत संपूर्ण वाक्याऐवजी क्रमांक आणि दुवा देते. २०२० च्या डॉट नेट ५ पासून आज्ञावलीचा आकार घटवताना संदेशांची वाक्ये गाळून केवळ खूणनामे ठेवण्याचा पर्यायही आहे.

अडचणीच्या वेळीच अडचण

गरजेच्या वेळी मजकूर आणायचा, हे बोलायला सोपे. त्रुटिसंदेशाची गरज लागते ती काहीतरी मोडलेले असतानाच. फाइल सापडत नाही हे सांगण्यासाठी दुसरी फाइल उघडायची. जाळे तुटले आहे हे सांगण्यासाठी जाळ्यावरून वाक्य मागवायचे. आग विझवण्याचे साहित्य जळत्या खोलीतच कुलूपबंद असावे, तशी ही गत.

ओरॅकलच्या डेटाबेसवर काम केलेल्यांना याचा नमुना माहीत आहे. तेथे प्रत्येक भाषेचे संदेश स्वतंत्र फायलींत असतात. ओरॅकल कोठे बसवले आहे याचा पत्ता संगणकावर चुकीचा नोंदवला गेला तर त्या फायलीच सापडत नाहीत. मग पडद्यावर येते ते असे : 'मेसेज १२१५४ नॉट फाउंड'. संदेश सापडला नाही, हाच संदेश. तरीही यात एक शहाणपण आहे. १२१५४ हा क्रमांक वाचतो, आणि जाणकाराला त्यावरून जोडणीचे नाव उलगडले नाही एवढे कळते. क्रमांकदेखील संदेश-फायलीतच ठेवला असता तर हाती काहीच उरले नसते.

दुसरा धोका फेऱ्यात सापडण्याचा. चूक झाली, वाक्य आणायला गेले, आणताना दुसरी चूक झाली, तिचे वाक्य आणायला गेले. ही साखळी थांबवली नाही तर सगळी स्मृती खाऊन आज्ञावली मरते आणि मूळ चूक काय होती हे कोणालाच कळत नाही. डॉट नेटच्या गाभ्यात यासाठी पहारा आहे. एका संदेशाचा शोध चालू असताना त्याच शोधातून पुन्हा शोध सुरू झालेला दिसला, तर 'संदेश शोधताना अनंत पुनरावर्तन' अशा अर्थाचे, शोधावे न लागणारे, गाभ्यातच कोरलेले वाक्य टाकून तो आज्ञावली थांबवतो.

तिसरा प्रसंग स्मृती संपण्याचा. 'स्मृती उरली नाही' एवढे सांगायलाही थोडी स्मृती लागतेच. म्हणून जावाचा प्रचलित रनटाइम या एका चुकीची सामग्री सुरू होतानाच बाजूला काढून ठेवतो. 'गरजेनुसार' या तत्त्वाला जाणूनबुजून केलेला हा अपवाद आहे. घरी अडीअडचणीसाठी डब्यात बांधून ठेवलेले पैसे जसे एरवी कोणी मोजत नाही, तसेच हे.

पायथॉनमधला प्रकार जास्त फसवा आहे. चूक कोणत्या ओळीत झाली हे दाखवताना पायथॉन त्या ओळीचा मजकूर मूळ फायलीतून त्या क्षणी वाचतो. आज्ञावली सुरू झाल्यानंतर कोणी ती फाइल बदलली असेल, तर क्रमांक जुन्या ओळीचा आणि मजकूर नव्या ओळीचा, असा जोड लागतो. नवशिक्या विद्यार्थ्याची संध्याकाळ यात सहज जाते. न सापडलेला संदेश निदान आपण न सापडल्याचे कबूल करतो. चुकीचा सापडलेला संदेश छातीठोकपणे खोटे सांगतो.

मराठीला लागणारी जागा

इंग्रजीत 'रेकॉर्ड नॉट फाउंड' हे वाक्य रोमन लिपीत लिहिले तर मोकळ्या जागा धरून १६ चिन्हे होतात. 'नोंद सापडली नाही' हेही युनिकोडच्या हिशेबाने १६ चिन्हांचेच. परंतु प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरी चिन्हाला तीन. म्हणून इंग्रजी वाक्य १६ बाइटचे, तर मराठी ४४ बाइटचे. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये प्रमाणित झालेल्या 'इस्की' संकेतात देवनागरी चिन्हालाही एकच बाइट पुरत असे. आंतरजालावर जगभरच्या लिप्या एकत्र नांदवण्याची किंमत म्हणून ती काटकसर आपण सोडली, आणि ती सोडणे योग्यच होते. पण इंग्रजीसाठी जे संदेश हवे तेव्हा आणणे ही सोय आहे, मराठीसाठी ती जवळजवळ निकड आहे, एवढे या आकड्यांवरून दिसते.

जावाच्या बाबतीत अडचण आणखी विचित्र होती. तेथील संदेश-फायली पश्चिम युरोपीय लिपीत आहेत असे गृहीत धरूनच वाचल्या जात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह त्यात सहा रोमन चिन्हांच्या सांकेतिक रूपात लिहावे लागे. 'साताऱ्यात' या शब्दात युनिकोडची नऊ चिन्हे आहेत, म्हणजे फायलीत ५४. भाषांतर तपासणाऱ्या भाषातज्ज्ञाला ती फाइल उघडून एक शब्दही वाचता येत नसे, मग शुद्धलेखन तपासणे दूरच. २०१७ च्या जावा ९ ने यूटीएफ-८ हा मूळ संकेत मानला तेव्हा कोठे हा त्रास संपला.

याच शब्दातला अर्धा 'ऱ' पाहण्यासारखा आहे. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिला गेला आहे : एक, खाली नुक्ता असलेला 'ऱ' आणि हलन्त. दुसरा, साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. मराठी मजकूरच खूणनाम म्हणून वापरायचे कोणी ठरवले तर अर्ध्या वेळा संदेश सापडणार नाही. खूणनाम रोमन किंवा आकडी असावे, हा आग्रह मराठीद्वेषातून आलेला नाही.

मूळ भाषेतले वाक्य न मिळाल्यास पुढे कोणते दाखवायचे, हा प्रश्न महाराष्ट्रात नाजूक आहे. मराठी नसेल तर हिंदी, की थेट इंग्रजी? गेटटेक्स्टमध्ये वापरणाऱ्याला स्वतःचा क्रम लिहून देता येतो, आधी मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी, किंवा मधले नाव गाळून. हा निर्णय वापरणाऱ्याकडे राहावा हेच बरे. प्रणालीने तो परस्पर घेऊ नये. जेथे देवनागरीची जोडाक्षरे जुळवण्याची सोयच नाही, उदाहरणार्थ लिनक्सचा नुसत्या मजकुराचा काळा पडदा, तेथे मराठी संदेश आणून उपयोग नाही. चौकोनांची रांग वाचण्यापेक्षा इंग्रजी परवडते.

प्रत्यक्ष चित्र असे आहे की अँड्रॉइडच्या ५.० आवृत्तीत, म्हणजे २०१४ मध्ये, मराठीचा समावेश झाला आणि फोनच्या पडद्यावरची रोजची वाक्ये मराठीत आली. आज्ञावली लिहिणाऱ्यांना रनटाइमकडून मिळणारे संदेश मात्र इंग्रजीच राहिले. ओरॅकलच्या जावा संचात ते इंग्रजीखेरीज जपानी, चिनी आणि जर्मन भाषांत आहेत. मराठी फाइल ठेवायला दार उघडे आहे, आत फाइल नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. आज्ञावली लिहिणाऱ्याला इंग्रजी यायलाच हवे, त्याला मराठी संदेश कशाला? अनुभवी माणसाच्या बाबतीत हा मुद्दा मान्य करता येईल. इंग्रजी वाक्य शोधयंत्रात टाकले की जगभरातील उत्तरे समोर येतात, मराठी वाक्याला ती सोय नाही. पण माण-खटाव किंवा जत-आटपाडीकडच्या मराठी शाळेतून पहिल्यांदा प्रयोगशाळेत आलेली मुलगी अनुभवी नसते. तिला भाषा आणि संगणक या दोन्ही गोष्टी एकाच वेळी अडतात, आणि पहिल्याच दिवशी आलेला लाल अक्षरातला इंग्रजी मजकूर 'हे आपले काम नव्हे' असे तिला पटवून देऊ शकतो. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने मराठी माध्यमातून संगणक शिकता येतो हे गावोगावी दाखवून दिले. आज्ञावली लिहिणे शिकवताना तसे का होऊ नये? नेदरलँड्समध्ये २०२० मध्ये निघालेल्या 'हेडी' या मुलांसाठीच्या संगणकभाषेत चुकीची वाक्ये अनेक भाषांत मिळतात, हिंदीतही. मधला मार्ग तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही : खूणनाम आणि क्रमांक कायम ठेवायचे, त्याखाली मराठी वाक्य, आणि मागितले तर मूळ इंग्रजी. नोंदवहीत, म्हणजे पुण्यातला किंवा बंगळुरूतला तंत्रज्ञ पुढे जी वाचणार त्या 'लॉग'मध्ये, खूणनामच जावे. ते कोणत्याही भाषेच्या फायलीवर अवलंबून नसते.

'सातारात' की 'साताऱ्यात'?

एवढे सगळे जमले तरी मराठीचे व्याकरण वाट पाहत असतेच. रिकामी जागा सोडून वाक्य लिहायचे आणि तपशील नंतर भरायचा, ही कल्पना इंग्रजीत निभावते, कारण तेथे गावाचे नाव बदलत नाही. मराठीत विभक्ती लागताना नामाचे सामान्यरूप होते. 'अमुकत नोंद सापडली नाही' असा साचा केला आणि 'सांगली' भरले तर 'सांगलीत' असे निर्दोष वाक्य होते. 'वाई' भरा, 'वाईत'. तेही ठीक. 'सातारा' भरले की 'सातारात' असा शब्द तयार होतो, जो कोणाही मराठी माणसाने कधी उच्चारलेला नाही. सांगलीचे नाव घालून तपासणी केलेली आज्ञावली उत्तीर्ण होते आणि साताऱ्यात जाऊन नापास होते.

मेढ्याचे, विट्याचे हेच. मिरजेला जुने वळण 'मिरजेत' असे, हल्ली 'मिरजमध्ये'ही ऐकू येते. कोरेगाव आणि तासगाव यांचे 'कोरेगावात', 'तासगावात' होते, तर फलटण, पलूस आणि जत यांच्यापुढे 'मध्ये' लावल्याशिवाय जिभेला बरे वाटत नाही. दोन जिल्ह्यांतल्या डझनभर नावांत इतके प्रकार असताना नियम लिहून संगणकाकडून सामान्यरूप करवून घेणे शक्य आहे, पण ते त्रुटिसंदेशासारख्या, कमीत कमी सामग्रीवर चालावे लागणाऱ्या ठिकाणी करण्याचे काम नव्हे.

यावरचा उपाय सरकारी पत्रव्यवहाराने कधीच शोधून ठेवला आहे. 'सातारा येथे', 'सांगली येथील'. 'येथे' हा शब्द नावाला हात लावत नाही. कार्यालयीन मराठीची चेष्टा करणाऱ्यांनी तिचे हे उपकार मान्य करायला हरकत नाही. 'सातारा येथे नोंद उपलब्ध नाही' हे वाक्य कोणतेही गाव भरले तरी उभे राहते.

त्यातला 'उपलब्ध नाही' हा शब्दप्रयोगही विचारपूर्वक निवडण्यासारखा. 'सापडणे' या क्रियापदाला लिंग चिकटते : फाइल सापडली नाही, फोल्डर सापडला नाही, पान सापडले नाही. इंग्रजीतल्या एका साच्याला मराठीत तीन साचे लागतात. रिकाम्या जागेत काय येणार हे संदेश लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. 'उपलब्ध नाही' म्हटले की तिन्ही लिंगे निभतात. लिंगानुसार वाक्य निवडण्याची सोय नव्या साधनांत आहे, परंतु त्यासाठी आज्ञावली लिहिणाऱ्याने प्रत्येक वस्तूचे मराठी लिंग नोंदवायला हवे, आणि तो बहुधा मराठी नसतो.

शब्दांची निवड हा याहून जुना प्रश्न आहे. 'एरर'ला त्रुटी म्हणायचे, दोष, चूक की प्रमाद? चूक माणसाची असते, दोष यंत्राचा, आणि त्रुटी म्हणजे काहीतरी कमी पडणे. एका फायलीत चार भाषांतरकारांनी चार शब्द वापरले तर वाचणाऱ्याला त्या चार वेगळ्या गोष्टी वाटतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईत विश्वकोशाचे काम चालले तेव्हा परिभाषासंग्रह आधी, १९७३ मध्ये, प्रसिद्ध झाला आणि विश्वकोशाचा पहिला खंड त्यानंतर, १९७६ मध्ये. आधी संज्ञा ठरल्या, मग लेखन. संगणकाच्या मराठीकरणात पुष्कळदा उलटे झाले. स्वयंसेवकांनी उत्साहाने हजारो वाक्ये भाषांतरित केली आणि शब्दांची एकवाक्यता साधण्याची बैठक मागाहून भरली. २००८ च्या सुमारास पुण्यातून सुरू झालेल्या 'फ्युएल' या उपक्रमाने वारंवार लागणाऱ्या संगणकीय शब्दांच्या याद्या भाषावार ठरवण्याचे काम हाती घेतले, ते याच कारणाने.

आकड्यांचीही एक मेख आहे. मराठीच्या आंतरराष्ट्रीय मांडणीत अंक देवनागरी धरलेले आहेत. त्यामुळे रनटाइमने तपशील भरताना रक्कम किंवा तारीख देवनागरी अंकांत टाकली तर ते योग्यच. मात्र त्याच नियमाने चुकीचा क्रमांकही देवनागरीत गेला, आणि मोठा आकडा असल्यास त्यात स्वल्पविरामही पडला, तर तो क्रमांक शोधयंत्रात किंवा पुस्तिकेत जुळत नाही. क्रमांक हा आकडा नसून नाव आहे असे समजून तो जसाच्या तसा छापावा लागतो. तपासणीसाठी गावांची यादी करायची असेल तर तीत सातारा, मेढा, विटा, मिरज, वाई, कोरेगाव आणि जत एवढी नावे असावीत. सांगली शेवटी घातली तरी चालेल.